वाकडी काकडी, फुटलेला टोमॅटो: छोट्या शेतावरचा माल वाया जाऊ नये म्हणून

तोडणी संपली की बांधावर एक ढीग उरतो. भरलेले क्रेट गाडीत जातात आणि हा ढीग तिथेच राहतो. त्यात वाकड्या काकड्या असतात, फाटे फुटलेली गाजरं असतात, उन्हाने एका बाजूने पांढुरके पडलेले टोमॅटो असतात, दोन दिवस आधी तोडायला हवी होती ती जून भेंडी असते, आणि तळाशी कुठेतरी खरोखर सडलेलं एखादं वांगं असतं. शेतीत नव्याने उतरलेला माणूस या सगळ्याला एकच नाव देतो: खराब माल. मीही पहिले दोन हंगाम हेच म्हणत होतो आणि सगळं एकत्र खड्ड्यात ढकलत होतो.

त्या ढिगात निदान चार वेगळ्या गोष्टी असतात. काही भाजी नुसती बेढब असते. काहींना इजा झालेली असते, पण आजच्या आज शिजवली तर ती उत्तम लागते. काही रोगट असते आणि ती शेताबाहेर गेलीच पाहिजे. आणि काही भाजी तर अगदी निर्दोष असते, फक्त तिला गिऱ्हाईक नसतं, कारण आपणच ती गरजेपेक्षा जास्त लावलेली असते. चारही गोष्टींवरचा इलाज वेगळा आहे. ढीग उलगडायला शिकणं हेच खरं काम, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

नासाडीचा जगभरचा हिशेब तुम्ही ऐकला असेल. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०११ मध्ये अंदाज दिला होता की माणसांसाठी पिकवलेल्या अन्नापैकी सुमारे एक तृतीयांश, म्हणजे वर्षाला १३० कोटी टन, वाया जातं. त्याच संघटनेने २०१९ मध्ये जास्त नेमका आकडा दिला: १४ टक्के. पण तो मोजला जातो काढणीनंतरपासून किरकोळ दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत. शेतातच राहिलेला, तोडलाच न गेलेला माल त्यात धरलेला नाही. डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेने २०२१ मध्ये शेतावरच्याच नासाडीचा अंदाज काढला तेव्हा तो १२० कोटी टनांपर्यंत गेला, म्हणजे एकूण उत्पादनाच्या १५.३ टक्के. आपल्या बांधावरचा ढीग बराच काळ कुणाच्याच वहीत नव्हता. तो आधी आपल्या वहीत यायला हवा.

पहिली पायरी: पंधरा दिवस ढीग मोजा

काहीही बदलण्याआधी मोजा. एक वही आणि एक वजनकाटा पुरे. रोज पाच गोष्टी लिहा: तारीख, पीक, विकायला गेलेले किलो, बाजूला काढलेले किलो आणि बाजूला काढण्याचं कारण. कारणासाठी आधीच सहा-सात शब्द ठरवून ठेवा, म्हणजे हात चिखलाने भरलेले असतानाही लिहिता येतं: आकार, चीर, उन्हाचा चट्टा, कीड, सड, जून, गिऱ्हाईक नाही. यापेक्षा बारीक वर्गवारी करायला गेलात तर चौथ्या दिवशी वही बंद पडेल.

न तोडलेला मालही मोजायचा आहे. तोडणी झालेल्या ओळीतला पाच मीटरचा तुकडा निवडा, त्यात खाण्याजोगं जे जे राहिलंय ते सगळं काढा आणि वजन करा. असं तीन वेगवेगळ्या ठिकाणी करून सरासरी घ्या. समजा पाच मीटरला दोन किलो निघाले, ओळ पन्नास मीटरची आहे आणि अशा सहा ओळी आहेत, तर एकशेवीस किलो माल शेतातच उभा आहे. हा आकडा पहिल्यांदा कागदावर उतरला की बहुतेकांना धक्का बसतो. मलाही बसला होता.

पंधरा दिवसांनी वही उघडा. बहुतेक वेळा एखाद-दुसरं पीक आणि एखाद-दुसरं कारण मिळूनच अर्ध्याहून जास्त नुकसान झालेलं दिसतं. सुरुवात तिथून करा. सगळं एकाच हंगामात सुधारायला जाऊ नका.

दुसरी पायरी: रूप, जखम, रोग

निवड शेतातच, तोडतानाच करायची. शेडवर नेऊन पुन्हा ओतून निवडलं की भाजीला आणखी एकदा मार बसतो, आणि ओला सडका माल तोवर चांगल्या मालावर निथळत राहतो. तीन रंगांचे तीन क्रेट ठेवा. प्रत्येक फळ हातात आलं की स्वतःला क्रमाने तीन प्रश्न विचारा.

साल शाबूत आहे का? असेल तर भाजी कितीही वाकडी, जाडी-बारकी, डागाळलेली असो, तो फक्त रूपाचा दोष आहे. ती चांगल्या मालाइतकीच टिकते आणि तशीच लागते.

साल फुटलेली असेल तर जखम कोरडी आहे की ओली? टोमॅटोच्या देठाभोवती बुचासारखे तपकिरी, सुकलेले वण असतात. ती भरलेली जखम आहे, तिला रूपाच्या दोषातच धरा. ताजी चीर, कुदळीचा घाव, नखाने पडलेली खोक ही ओली जखम. तो माल चोवीस तासांत शिजला किंवा टिकवणीला लागला पाहिजे.

मऊ पडलंय, वास येतोय, बुरशी दिसतेय, पाणी सुटलंय? तो रोग. त्याला चांगल्या क्रेटच्या जवळही ठेवू नका. मऊ सड आणणारे जीवाणू नुसत्या स्पर्शाने आणि निथळणाऱ्या रसाने शेजारच्या फळात शिरतात.

आता काही अपवाद, आणि हे पाठच करा. हिरवा पडलेला बटाटा हा रूपाचा दोष नाही. हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी असतो, पण बटाट्यावर उजेड पडल्याची ती खूण आहे, आणि त्याच उजेडात सोलानिनसारखी विषारी द्रव्यं वाढतात. ती शिजवून जात नाहीत. हिरवट भाग किंचित असेल तर खोलवर कापून टाका. बटाटा बराच हिरवा असेल किंवा चवीला कडू लागला तर टाकून द्या. काकडी, दुधी, झुकिनी ही वेलवर्गीय फळं जर जहाल कडू लागली तर तोंडातला घास थुंका आणि ते फळ कुणालाही देऊ नका. त्या कडवटपणामागे कुकुरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि त्याने माणूस गंभीर आजारी पडतो. पुराचं पाणी लागलेली किंवा जनावराची, पाखराची विष्ठा पडलेली भाजी दिसायला कितीही देखणी असली तरी अन्न म्हणून संपली. धुऊन वाचवायचा मोह होतो, पण तो आवरा.

देखणेपणाचे निकष आले कुठून, हेही नव्या माणसाला माहीत असावं. युरोपात १९८८ च्या एका नियमानुसार वरच्या प्रतीच्या काकडीला दर दहा सेंटीमीटर लांबीमागे जास्तीत जास्त दहा मिलिमीटर बाक चालत असे. सरळ काकड्या खोक्यात नीट बसतात, मोजता येतात, न बघता विकत घेता येतात, एवढंच त्यामागचं तर्कशास्त्र. चवीचा त्यात संबंध नव्हता. १ जुलै २००९ पासून काकडीसह २६ फळं-भाज्यांवरचे असे खास निकष रद्द झाले, पण मोठ्या खरेदीदारांनी स्वतःचे निकष तसेच चालू ठेवले. म्हणून माल नाकारला गेला तर विचारा: हे खोक्यासाठी आहे की खाणाऱ्यासाठी? खोक्यासाठी असेल तर खोक्याची गरज नसलेलं गिऱ्हाईक शोधता येतं.

तिसरी पायरी: भाजीचा बाक वाचायला शिका

बेढब भाजी टाकून देण्याआधी तिच्याकडे नीट बघा. ती वाढत असताना शेतात काय घडलं ते तिच्या अंगावर उमटलेलं असतं. मला या कामातला हा भाग सगळ्यात आवडतो.

काकडीचं एक टोक फुगलेलं आणि दुसरं निमुळतं असेल तर परागीभवन अर्धवट झालंय. फळात सगळीकडे बी धरलं तरच ते सारखं भरतं, आणि त्यासाठी एकाच फुलावर मधमाशीच्या कितीतरी फेऱ्या व्हाव्या लागतात. फुलोऱ्यात सकाळी फवारणी करत असाल तर कारण सापडलं. पाण्याचा ताण पडला किंवा फळ वाढताना पानाला, तारेला अडकलं तरीही बाक येतो. वेल मांडवावर किंवा जाळीवर चढवला की फळं लोंबती राहतात आणि बरीच सरळ होतात.

गाजराला दोन-तीन पाय फुटले असतील तर मुळाच्या टोकाला वाटेत काहीतरी आडवं आलंय: दगड, टणक थर, न कुजलेलं शेणखत किंवा सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी. नुसते फाटे असतील तर जमिनीची खोली आणि भुसभुशीतपणा बघा. फाट्यांबरोबर मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमींचा संशय घ्या आणि त्या वाफ्यात पुढच्या वेळी वेगळं पीक घ्या. गाजराचं रोप एका जागेहून दुसरीकडे लावू नका. बी जागच्या जागीच टोकायचं, कारण उपटताना मुळाचं टोक तुटलं की फाटे फुटणारच.

टोमॅटोच्या बाबतीत तीन खुणा वारंवार दिसतात. देठाभोवती किंवा देठापासून खाली गेलेल्या चिरा म्हणजे कोरड्यानंतर एकदम भरपूर पाणी. आतला गर सालीपेक्षा वेगाने फुगतो. फुलाच्या टोकाला काळा, चपटा, चामड्यासारखा चट्टा म्हणजे फळापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही. यावर नवा माणूस धावत जाऊन चुना आणतो, पण बहुतेक वेळा कॅल्शियम जमिनीत असतंच, पाण्याची ओढाताण झाल्यामुळे ते फळापर्यंत जात नाही. या दोन्हींवर औषध एकच: थोडं थोडं पण नियमित पाणी, आणि मुळाशी पाचोळ्याचं जाड आच्छादन. तिसरी खूण म्हणजे खालच्या बाजूला वेडेवाकडे कप्पे आणि वण पडलेलं फळ. त्याची कळी तयार होत असताना थंडी पडलेली असते. ती फळं चवीला उत्तम असतात, आणि पुढचा बहर आपोआप नीट येतो, त्यामुळे घाबरून काही करू नका.

फ्लॉवरचा गड्डा पिवळा पडला तर ऊन लागलंय. गड्डा मुठीएवढा झाला की त्याचीच पानं वर ओढून बांधायची. तयार झालेली कोबी मोठ्या पावसानंतर उलते, म्हणून पावसाचा अंदाज असेल तर आधीच काढून घ्या. टोमॅटो-मिरचीवरचे पांढुरके, कागदी चट्टे हे उन्हाने भाजल्याचे. बहुतेक वेळा आपणच पानांची छाटणी जरा जास्त केलेली असते.

वहीत ‘आकार’ लिहिलेल्या प्रत्येक किलोपुढे आता हे कारण लिहा.

चौथी पायरी: तोडणी आणि पहिले दोन तास

देखणा माल बेढब मालात जमा होण्याची सगळ्यात मोठी जागा ही आहे. तोडलेली भाजी जिवंत असते, श्वास घेत असते आणि साठवलेली साखर खर्च करत असते. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढलं की हा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. तीस अंशांत उभ्या राहिलेल्या क्रेटमधली पालेभाजी एका दुपारी जेवढी म्हातारी होते, तेवढी थंडाव्यात दोन-तीन दिवसांत होते.

म्हणून तोडणी पहाटे. पालेभाजीवरचं दव ओसरलं की लगेच, ऊन चढायच्या आत. घेवड्यासारख्या पिकाची पानं ओली असताना त्यात शिरू नका. जीवाणूजन्य रोग ओल्या पानांवरून हाताने पसरतात. क्रेट भरला की लगेच सावलीत. सावली नसेल तर ओलं गोणपाट वर टाका, पण वारा खेळू द्या. खोल पोत्यांत भरू नका. वरच्या वजनाने तळातले टोमॅटो दबतात आणि तो मार दुसऱ्या दिवशी दिसतो. क्रेट काठोकाठ भरला तर वरचा क्रेट भाजीवर बसतो. चार बोटं रिकामी ठेवा. नखं कापा. देठ ओढू नका, कात्रीने कापा. या गोष्टी बारक्या वाटतात, पण वहीतला ‘चीर’ हा रकाना यांनीच आटोक्यात येतो.

धुण्याबाबत एक कमी माहिती असलेली गोष्ट. उन्हातून आलेला गरम टोमॅटो थंड पाण्यात बुडवला की आतली हवा आक्रसते आणि देठाच्या खोबणीतून बाहेरचं पाणी, त्यातल्या जंतूंसकट, आत ओढलं जातं. त्यामुळे टोमॅटो आधी सावलीत निवू द्या, आणि धुवायचंच असेल तर पाणी फळाच्या गरापेक्षा सुमारे पाच अंश कोमट घ्या. कांदा, लसूण आणि बटाटा साठवणीआधी धुवायचेच नाहीत. माती सुकली की हाताने झटका.

पाचवी पायरी: कोण कुणाशेजारी राहणार

थंड जागा म्हणजे सगळ्यांना चांगली, असं नाही. पालेभाजी, गाजर, कोबी आणि फ्लॉवर शून्य अंशाच्या जवळ, भरपूर ओलाव्यात उत्तम राहतात. काकडी, वांगी, भेंडी, मिरची आणि टोमॅटो यांना मात्र दहा अंशांच्या खाली थंडी बाधते: खड्डे पडतात, साल पाणचट होते, चव जाते. कांदा-लसणाला ओलावा नको, कोरडी हवा हवी.

पिकणारे टोमॅटो, केळी, सफरचंद इथिलीन हा पिकवणारा वायू सोडतात. त्यांच्या शेजारी ठेवलेली काकडी आणि पालेभाजी पिवळी पडते, गाजर कडवट होतं. दोन वेगळ्या खोल्या नसतील तर निदान दोन वेगळे कोपरे आणि मधे वारा.

वीज नसेल तरी काम अडत नाही. एका मोठ्या मातीच्या मडक्यात लहान मडकं, मधल्या पोकळीत ओली वाळू, वर ओलं फडकं. पाणी वाफ होऊन जाताना आतली उष्णता घेऊन जातं. नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी १९९० च्या दशकात हा प्रकार गावोगाव पोचवला आणि २००० साली त्यांना त्यासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. हेच तत्त्व विटांच्या दोन भिंती आणि मधे वाळू घालून मोठ्या प्रमाणावर वापरता येतं. पण हे कोरड्या हवेतच चालतं. दमट हवेत वाफ होत नाही, म्हणून गारवाही येत नाही.

काढताना खरचटलेले बटाटे टाकू नका. अंधारात, दमट जागी, साधारण पंधरा अंशांत दहा-बारा दिवस ठेवले की ते स्वतःची जखम भरून काढतात आणि नवी साल धरतात. रताळ्यालाही हेच लागतं, फक्त जास्त उबेत, तीस अंशांच्या आसपास.

सहावी पायरी: दुसऱ्या प्रतीला तिचं गिऱ्हाईक

बेढब भाजी विकण्यात जगभर मोठे प्रयोग झाले आहेत. पोर्तुगालमध्ये २०१३ मध्ये फ्रुता फेया, म्हणजे ‘कुरूप फळ’, नावाची सहकारी संस्था उभी राहिली. ती शेतकऱ्यांकडून नाकारलेला माल घेते आणि सभासदांना टोपल्या पुरवते. फ्रान्समधल्या इंटरमार्शे या दुकानसाखळीने २०१४ मध्ये बेढब भाज्या तीस टक्के कमी दराने मांडल्या आणि त्यांची जाहिरात खूप गाजली. त्यातून लोकांची नजर बदलली, हे खरं. तरीही आपल्या मालाला आपणच कुरूप म्हणावं हे मला पटत नाही. छोट्या शेतकऱ्याने भाजीला तिच्या कामाचं नाव द्यावं: सॉससाठी टोमॅटो, किसायला गाजर, सूपसाठी कोबी. जो माणूस गाजर किसणारच आहे त्याला त्याच्या आकाराशी काय देणंघेणं?

म्हणून जिथे भाजी चिरलीच जाते तिथे जा: खानावळी, वसतिगृहांची स्वयंपाकघरं, सूप-सॉस करणारे घरगुती उद्योग. तिथल्या मुख्य स्वयंपाक्याशी बोला, खरेदी बघणाऱ्याशी नंतर. पाच किलोचा नमुना द्या आणि दोन दिवसांनी विचारा की साफ करताना किती गेलं. फाटे फुटलेल्या गाजराच्या खाचा सोलायला वेळ लागतो. दहा किलोतले दोन किलो सालीत गेले तर त्याच्या हाती आठच येतात, आणि शिवाय त्याचा वेळ जातो. सवलत त्या आठ किलोंच्या हिशेबाने ठरवा. मनाला येईल तो निम्मा दर लावला तर तुमचंही नुकसान होतं आणि दुसऱ्या प्रतीची किंमतही पडते.

तोडावं की नाही, याचा हिशेब आधी करा. नांगरट, बी, खत, पाणी यांचा खर्च होऊन गेलेला असतो. तो या हिशेबात धरू नका. आता फक्त पुढचा खर्च मोजा: तोडणीचा आणि निवडीचा वेळ, क्रेट, वाहतूक. दुसऱ्या प्रतीचा दर एवढा खर्च भरून काढत असेल तर तोडा. नसेल तर विक्रीसाठी तोडू नका. त्याऐवजी तोडायला लोक बोलवा. पीक निघाल्यावर शेतात उरलेलं गोरगरिबांना वेचू देण्याची रीत अनेक समाजांत फार जुनी आहे, आणि आज कितीतरी ठिकाणी स्वयंसेवक तेच काम करतात. दान करताना एकच कसोटी ठेवा: ही भाजी मी आज माझ्या घरात शिजवीन का? उत्तर नाही असेल तर ती दानाची नाही.

दोन चुका टाळा. पहिली: पहिल्या प्रतीच्या क्रेटमध्ये तळाशी दुसरी प्रत घालणं. एकदा क्रेट उलटा झाला की कायमचं गिऱ्हाईक जातं. दुसरी: दोन्ही प्रती एकाच टेबलावर, एकाच माणसाला, सुट्या विकणं. मग तो नेहमी स्वस्तातलं उचलतो आणि चांगला माल पडून राहतो. दुसरी प्रत फक्त मोठ्या वजनात द्या, म्हणजे ती आपोआप वेगळ्या गिऱ्हाइकाकडे जाते.

सातवी पायरी: टिकवणी, पण नियम पाळून

ओल्या जखमेचा क्रेट इथे येतो. सुरुवात वाळवण्यापासून किंवा आंबवण्यापासून करा.

वाळवण्यासाठी काप सारखे हवेत, तीन ते सहा मिलिमीटरचे. गाजर, घेवडा आधी उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं बुडवून काढा, नाहीतर रंग आणि चव लवकर जाते. सुमारे साठ अंशांत, कडक होईपर्यंत वाळवा. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी असतं, त्यामुळे एका किलोचे साठ-सत्तर ग्रॅम उरतात. बरण्या किती लागतील ते यावरून ठरवा. वाळलेला माल लगेच पॅक करू नका. बरणी दोन तृतीयांश भरून आठवडाभर रोज हलवा. काचेवर दव दिसलं तर परत वाळवायला घाला.

कोबी आंबवायला वजनाच्या दोन ते अडीच टक्के मीठ लागतं, म्हणजे किलोला वीस-पंचवीस ग्रॅम. मीठ अंदाजाने टाकू नका, तोला. भाजी सतत सुटलेल्या पाण्याखाली राहिली पाहिजे. वर तरंगलेल्या तुकड्यावर बुरशी धरते.

हवाबंद बाटल्यांच्या बाबतीत मी मुद्दाम कडक बोलतो. कमी आम्लाच्या भाज्यांत, म्हणजे पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या वर असलेल्या, हवाबंद बाटलीत बोट्युलिझम या घातक अन्नविषबाधेचा जीवाणू वाढू शकतो. त्याच्या विषाला वास नसतो, रंग नसतो, आणि ते जीव घेतं. त्याचे बीजाणू नुसत्या उकळण्याने मरत नाहीत. गाजर, घेवडा, बटाटा यांच्यासाठी दाबाखाली सुमारे १२१ अंशांपर्यंत नेणारं खास उपकरण आणि तपासलेली कृती लागते. टोमॅटो नेमका सीमारेषेवर असतो, म्हणून लिटरच्या बाटलीला दोन मोठे चमचे बाटलीबंद लिंबाचा रस किंवा अर्धा छोटा चमचा सायट्रिक ॲसिड घालायचंच. ताज्या लिंबाचा आंबटपणा कमी-जास्त असतो, त्यावर भरवसा नको. विकायचं असेल तर तुमच्या भागातला अन्नसुरक्षेचा परवाना आधी, बाटल्या नंतर.

उरलेलं

रोगट नाही पण माणसांना चालणार नाही, ते जनावरांना. हिरवे बटाटे आणि बुरशी धरलेलं काहीही मात्र त्यांनाही घालू नका. बाकीचं कंपोस्टमध्ये. भाजी ओली आणि नत्राने भरलेली असते, तिच्यात वाळका पाचोळा, काड्या, भुसा मिसळा. कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण २५ ते ३० ला एक असावं. ढीग ५५ अंशांच्या वर निदान पंधरा दिवस राहिला आणि त्या काळात पाच वेळा पालथा घातला तर बहुतेक रोगकारक आणि तणांचं बी मरतं. ढीग तेवढा तापत नसेल तर रोगट माल त्यात टाकू नका. करप्याने गेलेले टोमॅटो-बटाटे बांधावर उघडे तर कधीच ठेवू नका. शेजाऱ्याच्या शेतापर्यंत रोग तिथूनच उडतो.

आठवी पायरी: पुढची लावणी वही बघून

हंगाम संपला की ‘गिऱ्हाईक नाही’ हा रकाना बेरीज करा. छोट्या शेतावर बऱ्याचदा हाच सगळ्यात मोठा निघतो. काहीतरी मरेल म्हणून आपण दीडपट लावतो, आणि सगळं एकाच दिवशी लावतो. मग सगळं एकाच आठवड्यात तयार होतं. मुळा, पालेभाजी, घेवडा, काकडी एकदम न लावता दहा ते पंधरा दिवसांच्या अंतराने थोडं थोडं लावा. राखीव म्हणून किती जास्त लावायचं तेही वहीवरूनच ठरवा: गेल्या वेळी खरोखर किती रोपं मेली?

‘जून’ रकाना मोठा असेल तर लावणी ठीक आहे, हात कमी पडताहेत. भेंडी आणि काकडी एक दिवसाआड तोडावीच लागते, आणि वेलावर राहिलेलं जून फळ नव्या फळांचा जोर खेचतं. आठवड्यातून तीन वेळा तोडायला माणूस मिळणार नसेल तर भेंडीच्या दोन ओळी कमी करा आणि तिथे भोपळा लावा. तो तुमची वाट बघत थांबतो.

वहीच्या पहिल्या पानावर या वर्षीचे एकूण विकलेले किलो आणि बाजूला काढलेले किलो लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच पानावर, त्यांच्या खाली, नवे आकडे येतील.